पाण्याच्या मधोमध दारूकाम नको: महोत्सव समितीस खुले पत्र

प्रति,
धरणावर नववर्ष महोत्सव भरवणारी समिती,
तसेच त्याला परवानगी देणारे महसूल, पोलीस आणि पाटबंधारे खात्यांचे अधिकारी यांस,

विषय: 31 डिसेंबरच्या रात्री जलाशयात तराफ्यांवरून होणाऱ्या शोभेच्या दारूकामास हरकत.

सप्रेम नमस्कार.

यंदाचं दारूकाम काठावरून होणार नाही, जलाशयाच्या मधोमध तराफे बांधून त्यांवरून होणार, असा फलक आपण बसस्थानकाजवळ लावला आहे. पाण्यात प्रतिबिंब दिसेल, म्हणून देखावा दुप्पट होईल, असा आपला हिशोब आहे. हा फलक वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते गावागावांतल्या लोकांनीही वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. धरणाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तापीवर, गिरणेवर, पांझरेवर जिथे जिथे पाणी अडलंय आणि काठाला हॉटेलं, लॉन्स उभी राहिली आहेत, तिथे तिथे हेच सुरू झालं आहे किंवा पुढच्या वर्षी सुरू होणार आहे.

माझा यात काय संबंध, असं कुणी विचारील. आमचं घर भोयांचं. आजोबांनी नदीत मासे धरले, धरण झाल्यावर वडिलांनी, म्हणजे नानांनी, जलाशयात धरले. आजही नाना पहाटे होडी काढतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि हिवाळ्यात मुलांना पाखरं दाखवायला काठावर नेते. समितीतले निम्मे लोक मला ‘ताई’ म्हणतात, दोघे-तिघे माझ्याच वर्गात शिकले. तेव्हा हे पत्र परक्या माणसाचं नाही.

गेल्या वर्षी दारूकाम काठावरून झालं होतं, म्हणजे यंदाच्या मानाने कमी त्रासाचं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी तंगूसाचं जाळं ओढलं, तर त्यात मासे थोडे आणि जळक्या पुठ्ठ्याच्या नळ्या जास्त. पाण्याने फुगलेला लाल कागद बोटाला रंग लावत होता. आकाशात फुटणाऱ्या गोळ्यांच्या काळ्या प्लास्टिकच्या चकत्या जाळ्याच्या घरांत अशा अडकल्या होत्या, की त्या सोडवताना दोन ठिकाणी जाळं कापावं लागलं. परत येताना उच्चदाबाच्या तारांखालच्या गवतात एक वारकरी पक्षी सापडला. चांदवाही म्हणतात त्याला. काळा, कपाळावर पांढरा टिळा, डोळा लालभडक. डावा पंख खांद्यापासून लोंबत होता. जवळ गेल्यावर तो उजव्या पंखाने जमीन मारत गोल फिरत राहिला, पण उठू शकला नाही. त्याच्या बोटांना पानांसारख्या झालरी असतात, पाणी कापायला. त्या धुळीने माखल्या होत्या. दुपारपर्यंत तो गेला. नाना एवढंच म्हणाले, “पाखरं उडी गयात नि मासा तयाले बठी गया.” म्हणजे पाखरं उडून गेली आणि मासा तळाला जाऊन बसला.

वारकरी रात्री पाण्यावर थव्याने तरंगत असतो. त्याला उडायचं म्हटलं तरी पाण्यावरून लांबवर धावत जावं लागतं. तो अंधारात तारांपर्यंत का गेला असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण तज्ज्ञांनीही हे मोजून ठेवलं आहे. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी हवामानाच्या रडारवर नववर्षाच्या मध्यरात्री काय घडतं ते पाहिलं. त्यांचा निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वाजून काही मिनिटांतच हजारो पक्षी उठतात, 500 मीटर उंचीपर्यंत जातात आणि सुमारे पाऊण तास हवेतच राहतात. यातले बहुतेक पाणथळीवर रात्र काढणारे पक्षी. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बीब नावाचं गाव आहे. तिथे 31 डिसेंबर 2010 च्या रात्री फटाक्यांनी झोपेतून उठलेले हजारो पक्षी घरांना, झाडांना, खांबांना आपटून रस्त्यांवर पडले. अंधारात ज्याला नीट दिसत नाही असा जीव भेदरून उडाला, की त्याचं दुसरं काही होत नाही.

आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न आणखी मोठा आहे. पट्टकदंब हंस मध्य आशियातून, तिबेट-मंगोलियाच्या बाजूने, हिमालय ओलांडून खाली येतात. चक्रवाक येतात, तलवार बदकं येतात, लालसरी येतात. हिवाळाभर त्यांनी खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि मार्चच्या सुमारास त्याच चरबीवर परतीचा प्रवास करायचा. युरोपात आर्क्टिकहून हिवाळ्यासाठी आलेल्या हंसांच्या गळ्यात यंत्रं बसवून आठ वर्षं नोंदी घेतल्या गेल्या. नववर्षाच्या रात्री ते हंस नेहमीपेक्षा सरासरी 5 ते 16 किलोमीटर जास्त उडाले, सुमारे दोन तास कमी विसावले, आणि झालेली झीज भरून काढायला पुढे कित्येक दिवस जास्त चरत राहिले. त्यांतले काही मूळ जागी परतलेच नाहीत. आपल्या शाळेची मुलं दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेच्या दिवसांत वह्या घेऊन काठावर बसतात. ही गणना 1987 पासून आशियाभर चालते. गेल्या जानेवारीत मुलांना मधल्या बेटाजवळचं पाणी मोकळं दिसलं. “ताई, हंस कुठे गेले?” असं त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर समितीने द्यायला हवं.

तराफ्याची कल्पना मला सगळ्यांत घातक वाटते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. काठावर फटाका फुटला तर हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळून बहुतांश परत फिरतो, आत थोडाच शिरतो. एवढं तरी संरक्षण माशांना होतं. तराफ्यावर ते राहत नाही. लोखंडी नळीतून गोळा वर सुटतो तेव्हा तितकाच दणका खाली तराफ्याला बसतो आणि तराफ्यातून थेट पाण्यात उतरतो. एखादा गोळा वर न जाता पाण्यातच पडून फुटला, तर तो पाण्याखालचा स्फोटच. माशाच्या दोन्ही अंगांना जी रेषा असते तिने तो पाण्याची बारीकशी हालचालही टिपतो, आणि त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. पाण्यातला धक्का या पिशवीला सर्वांत आधी बसतो. सुरुंग लावून मासे मारणं कायद्याने का बंद आहे, ते आपल्या सर्वांना माहीत आहे. पक्ष्यांसाठीही तीच गोष्ट. पाण्यावर ना झाड ना भिंत, आवाज अडत नाही. आणि पक्षी रात्री काठापासून लांब मध्यावर जातात ते कुत्र्या-कोल्ह्यापासून, माणसापासून दूर राहायला. आपण नेमकं तिथेच दारूकाम नेऊन ठेवता आहात.

आता पाण्याचं. लाल रंगासाठी स्ट्रॉन्शियम, हिरव्यासाठी बेरियम, निळ्यासाठी तांबं वापरतात, आणि हे सगळं पेटायला प्राणवायू पुरवणारे क्षार लागतात. त्यातलं एक परक्लोरेट. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एडा या गावी तलावावर फटाके उडवल्यानंतर शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं. 14 तासांच्या आत परक्लोरेटचं प्रमाण नेहमीच्या 24 पटींपासून ते 1028 पटींपर्यंत चढलं, आणि पूर्ववत व्हायला 20 ते 80 दिवस लागले. परक्लोरेट शरीराला आयोडीन घेऊ देत नाही, थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडवतं. बेडकाच्या पिल्लाचा बेडूक होतो तो याच ग्रंथीच्या जोरावर. आपल्या जलाशयातून खालच्या गावांच्या नळयोजना चालतात. 31 डिसेंबरनंतरचे 80 दिवस म्हणजे मार्च उजाडतो, तेव्हा पाणी आधीच आटायला लागलेलं असतं. गेल्या वर्षी दारूकामानंतर पाण्याचा एकही नमुना तपासला गेला नाही. निदान तसा अहवाल कुणी लोकांपुढे ठेवला नाही.

समुद्राकाठी हे सगळं आधी घडून गेलं आहे, म्हणून तिथलं थोडं सांगते. कॅलिफोर्नियात ग्वालाला नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाने 2007 मध्ये असंच दारूकाम केलं. समोरच्या खडकाळ बेटावर पाणकावळ्यांची वीण होती. स्फोट सुरू होताच पक्षी उठले आणि काही घरटी त्यांनी कायमची टाकून दिली. 2008 मध्ये तिथल्या किनारा आयोगाने ते दारूकाम बंद केलं. गावकरी कोर्टात गेले, आणि 2010 मध्ये कोर्टाने आयोगाचाच निर्णय कायम ठेवला. तिथेही गावचा सणच होता, व्यापार होता, पर्यटक होते. कॅलिफोर्नियातल्याच मॉन्टेरेच्या सागरी अभयारण्यात 1993 पासून दारूकामाला परवाना लागतो. आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं वाळूतून बाहेर आली की उजळ क्षितिजाकडे चालू लागतात, कारण एरवी रात्री समुद्रच उजळ असतो. किनाऱ्यावर झगमगाट केला तर ती उलटी, माणसांच्या दिशेने चालतात. समुद्र एवढा अफाट असूनही तिथले जीव होरपळतात, मग काठावरून काठ दिसणाऱ्या आपल्या पाण्यात पाखराने पळून जायचं कुठे?

लग्नसराईत काठावरच्या लॉन्समध्ये जे चालतं, त्याचा उल्लेखही मला इथे करायचा आहे, कारण त्यांनाही परवानगी याच कचेऱ्यांतून मिळते. फेब्रुवारीनंतर पाणी उतरतं, वाळूची बेटं उघडी पडतात, आणि नदी सुरय, टिटव्या, आर्ली त्या उघड्या वाळूवरच अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो. दिवसभर सुरयाची मादी अंड्यांवर सावली धरून उभी असते, मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. रात्री वरातीच्या सुतळी बॉम्बने ती उडाली की अंडी आणि पिल्लं कुत्र्यांना मोकळी होतात. मी एका सकाळी अशा बेटावर गेले होते. कुत्र्यांची पावलं होती आणि ठिपक्याठिपक्यांची कवचं फुटून पडली होती. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार रानपक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणं हेसुद्धा शिकारीतच मोडतं. लॉन्सच्या परवानग्यांवर सही करणाऱ्यांनी हे एकदा वाचून घ्यावं.

कोर्टानेच मध्यरात्री फटाक्यांची मुभा दिली आहे, असं समितीतले एक सदस्य गेल्या बैठकीत म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाच्या 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात नववर्षासाठी रात्री 11.55 ते 12.30 ही वेळ दिली आहे, हे खरं. त्याच निकालात फक्त हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणारे फटाके चालतील, बेरियम चालणार नाही, लडी चालणार नाहीत, असंही म्हटलं आहे. हा निकाल फक्त दिल्लीपुरता नाही, देशभर लागू आहे, हे न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये पुन्हा बजावलं. गेल्या वर्षी आपल्या धरणावर हिरव्या रंगाचे गोळे फुटले, लडी लागल्या आणि एक वाजून गेला तरी आवाज थांबला नव्हता. त्या रात्री काठावर बंदोबस्ताला पोलीस होते. शिवाय हरित फटाक्याचा धूर कमी असतो, दणका पक्ष्याला हादरवायला पुरेसाच असतो. वेळ माणसांच्या झोपेचा विचार करून ठरली आहे. पाण्यावर झोपलेल्या जिवाला पस्तीस मिनिटांची सवलत काय उपयोगाची?

दुसरा युक्तिवाद पाटबंधारे खात्याकडून ऐकला, की हे अभयारण्य नाही, पाणथळही नाही, सिंचनाचा जलाशय आहे. 2017 च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेली पाणी-साठवण वगळली आहे, हे मला ठाऊक आहे. पण नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हासुद्धा गोदावरीवरचा माणसाने बांधलेला बंधाराच आहे, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून 2020 मध्ये तेच जाहीर झालं. आपल्या हतनूर धरणावर पक्षी पाहायला लांबलांबून माणसं येतात. पाखराला सिंचनाचं पाणी आणि पाणथळीचं पाणी वेगळं कळत नाही. नियमाने बंधन घातलेलं नाही म्हणजे नुकसान होत नाही, असा अर्थ खात्याने काढू नये. जलाशय खात्याच्या ताब्यात आहे, त्यात तराफा सोडू द्यायचा की नाही हे खात्याच्याच हातात आहे.

आणि रोजगाराचं बोलायचं तर मी ते हलक्यात घेत नाही. महोत्सवात बायकांचे बचतगट भरीत-पुरीचे, कळण्याच्या भाकरीचे गाळे लावतात, चार पैसे मिळवतात. ते गाळे राहू द्या. नाटुकली, गाणी, होड्यांची शर्यत, सगळं राहू द्या. महोत्सवाला कुणाचाच विरोध नाही. पण भोयांचाही रोजगार त्याच पाण्यावर आहे, आणि तराफे कुठे बांधायचे हे ठरवताना मच्छीमार सोसायटीला कुणी विचारलंही नाही.

तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडी नावाचं छोटंसं पक्षी अभयारण्य आहे. शेजारच्या गावांतले लोक कित्येक वर्षं दिवाळीलाही फटाके फोडत नाहीत, वीण होते म्हणून. देशातले बहुतेक फटाके ज्या शिवकाशीत तयार होतात ती त्याच राज्यात. वन खातं दिवाळीला त्या गावांत मिठाई वाटतं. खान्देशातली गावं त्यांच्यापेक्षा कमी मनाची आहेत, हे मी मान्य करणार नाही. उन्हाळ्यात पाखरांसाठी परळात पाणी ठेवणारी माणसं आपलीच आहेत.

आमच्या मागण्या सरळ आहेत. 31 डिसेंबरचं जलाशयातलं आणि काठावरचं दारूकाम रद्द करावं, आणि तसं त्याच फलकावर लिहावं. जलाशयाच्या काठापासून दोन किलोमीटरच्या आत आवाजाच्या आणि आकाशात फुटणाऱ्या फटाक्यांना ऑक्टोबर ते जून कुठलीच परवानगी देऊ नये. हिवाळ्यात पाहुणे असतात आणि उन्हाळ्यात वीण. लॉन्सच्या परवान्यात ही अट छापील असावी आणि ती मोडली तर परवाना रद्द व्हावा. फटाक्यांऐवजी ड्रोनचा खेळ करू, असाही एक विचार समितीत चालला आहे असं कळतं. तोही बेटांवर नको. 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका इथे एक ड्रोन घरट्यांच्या वसाहतीत कोसळला, आणि सुरयांचे थवे हजारावर अंडी टाकून निघून गेले. दिव्यांचा खेळ करायचाच तर धरणाच्या खाली, शाळेच्या मैदानावर, पाण्याकडे पाठ करून करावा. आम्ही मुलं घेऊन येऊ. गेल्या वर्षीचा जो कचरा अजून काठच्या गाळात आणि बेशरमीच्या झुडपांत अडकून आहे, तो समितीने स्वखर्चाने काढावा, आणि पाण्याचे नमुने तपासून अहवाल ग्रामपंचायतीत लावावा. यापुढे पाण्यावरच्या कुठल्याही कार्यक्रमाची परवानगी वन खातं, मच्छीमार सोसायटी आणि काठच्या ग्रामपंचायती यांची एकत्र बैठक झाल्याशिवाय देऊ नये.

तराफ्यांसाठीची पिंपं काठावर येऊन पडली आहेत. म्हणजे वेळ थोडा आहे. या पत्राचं उत्तर लेखी द्यावं आणि तेही 15 डिसेंबरच्या आत द्यावं. तोंडी निरोप नको. उत्तर आलं नाही तर सोसायटीचे सभासद, काठच्या तीन गावांतले पालक आणि मी असे सगळे मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देऊ आणि राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागू. तिथवर जाण्याची वेळ आपण येऊ देऊ नये, ही विनंती.

कळावे,

आपली,
धरणकाठच्या गावातली एक शिक्षिका